पायाची पारख

(मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळा यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले की येणाऱ्याची नजर प्रथम वर जाते. कळस कसा झळाळतो, शिखरावरची नक्षी कशी उतरली, सभामंडपाची फरशी कशी बसली, हे ज्याला त्याला दिसते. घंटा कोणी दिली, पायऱ्या कोणाच्या स्मरणार्थ बांधल्या, हे पाटीवर वाचता येते. पण पायात काय गेले हे कोणालाच दिसत नाही. पायाच्या दगडावर कोणाचे नाव कोरले, तरी ते वाचायला खाली कोण उतरणार? आणि भार तर सगळा त्यानेच वाहायचा असतो. वारकऱ्यांच्या या मुलखात पाया आणि कळस यांचे नाते समजावून सांगायला नको. म्हणूनच कलशारोहणाच्या प्रसंगी पायाविषयी चार शब्द बोलले जावेत, हे उचितच म्हटले पाहिजे.

व्याख्यानाचा विषय थोडा वेगळा आहे. जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीट चांगले की वाईट, हे ते न फोडता आणि न उकरता कसे ओळखायचे? विषय परका वाटेल, पण तो तसा नाही. गावातून मुंबईला गेलेली पहिली पिढी चाळीत राहिली. आज तिची मुले-नातवंडे वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारतींत राहतात. मुंबईचा बराच भाग समुद्र हटवून, भराव टाकून तयार झालेला आहे. अशा जागी वर भराव, त्याखाली खाडीचा मऊ गाळ, आणि मग कुठे मुरूम व कातळ लागतो. तेथील उंच इमारती भरावावर उभ्या नसतात. गाळातून आरपार जाऊन कातळावर टेकलेल्या काँक्रीटच्या खांबांवर त्या उभ्या असतात. जन्माची कमाई घालून घर घेतले जाते, पण त्या घराचा खरा आधार घेणाऱ्याने कधी पाहिलेला नसतो आणि पुढेही तो पाहणार नसतो. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू काय किंवा २०२४ साली खुला झालेला अटल सेतू काय, दोन्ही असेच समुद्रतळात रोवलेल्या खांबांवर उभे आहेत.

गावाकडची गोष्ट पाहिली तरी तीच. काळ्या रानाची खोड शेतकऱ्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ही जमीन सोन्यासारखी, पण घराला वैरीण. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-चार वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा जातात. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली. त्यांना 'अंडर-रीम्ड पाइल' म्हणतात. माती वर्षभर जेथे हालत नाही अशा थरात, खोल काळ्या जमिनीत साधारण साडेतीन मीटर खाली, हा फुगवटा रोवला जातो आणि कांद्याच्या गड्ड्यासारखा तो जमिनीला धरून राहतो. शाळा, समाजमंदिर, सभामंडप अशा बांधकामांना काळ्या रानात हा पाया उपयोगी पडतो. तात्पर्य, न दिसणाऱ्या खांबांवर भरवसा ठेवण्याची वेळ शहरवासीयांइतकीच गावकऱ्यांवरही येते.

खांब घडतो कसा आणि बिघडतो कसा

इंजिनिअर मंडळी ज्याला 'पाइल' म्हणतात, तो हा जमिनीत गाडलेला काँक्रीटचा खांब. तो जागेवरच ओततात. यंत्राने जमिनीत गोल भोक पाडले जाते. मोठ्या पुलांत आणि उंच इमारतींत त्याचा व्यास एक मीटर किंवा त्याहून अधिक आणि खोली वीस-तीस मीटरसुद्धा असते. मऊ मातीत भोकाच्या कडा ढासळतात, म्हणून बेंटोनाइट नावाची माती पाण्यात कालवून ते पातळ मिश्रण भोकात भरून ठेवतात. त्याच्या दाबाने कडा सावरून राहतात. मग तळ साफ करतात, सळयांचा पिंजरा सोडतात आणि 'ट्रेमी' नावाची लांब लोखंडी नळी तळापर्यंत घालून तिच्यातून काँक्रीट ओततात. काँक्रीट जड आणि बेंटोनाइटचे मिश्रण हलके. त्यामुळे काँक्रीट तळापासून वर चढत जाते आणि मिश्रण तोंडाशी बाहेर पडते. हे सारे काम डोळ्यांआड चालते. हाताखाली दिसते ती फक्त नळी आणि वर येणारा राडा.

येथे एक नियम जिवापाड पाळावा लागतो. नळीचे तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेले असले पाहिजे. कोणी घाईने नळी वर खेचली आणि तोंड क्षणभर उघडे पडले, की राडा आत शिरतो आणि काँक्रीटच्या दोन थरांमध्ये चिखलाचा थर सापडतो. वरून पाहणाऱ्याला खांब अखंड वाटतो, पण आत तो दुभंगलेला असतो. दुसरा दोष म्हणजे भोकाची कड आत सरकून खांबाची मान बारीक होणे. तिसरा, तळाचा गाळ नीट न काढल्यामुळे खांबाचे पाऊल कातळाऐवजी गाळावर टेकणे. चौथा, काँक्रीटची गाडी वेळेवर न आल्यामुळे आधीचा थर आळून जाणे आणि मध्ये कच्चा सांधा पडणे. पाचवा, सळयांच्या दाटीतून काँक्रीट बाहेरच्या कडेपर्यंत न पोचणे. मग सळईला माती लागते आणि गंज चढतो.

यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. रात्री दोन वाजता, भर पावसात, गाडी वाटेत अडकलेली असताना, दमलेल्या माणसाच्या हातूनही हे घडते. विहिरीच्या बांधकामात एखादा दगड वाकडा बसला तर गवंड्याला दिसतो आणि तो काढून नीट करता येतो. येथे चूक झाली त्याच क्षणी जमिनीने ती झाकून टाकलेली असते.

वाजवून घेण्याची विद्या

मग परीक्षा करायची कशी? सर्वांत जुनी रीत वजनाची. खांबाच्या माथ्यावर भार देऊन तो किती खचतो हे पाहतात. आपल्या देशात ही रीत भारतीय मानक २९११ च्या चौथ्या भागात दिलेली आहे. कामातल्या खांबांवरील नित्याच्या चाचणीत ठरलेल्या भाराच्या दीडपट भार देतात. परीक्षा उत्तम, पण ती महाग आणि वेळखाऊ. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा किंवा वाळूच्या पोत्यांचा डोंगर रचावा लागतो. म्हणून ती एकूण खांबांपैकी साधारण अर्धा ते दोन टक्के खांबांवरच होते. म्हणजे कामात २०० खांब असतील तर १ ते ४ खांबांची परीक्षा. उरलेल्या १९६ खांबांचे काय? शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ती एकाच भांड्यात शिजलेल्या भाताची. येथे प्रत्येक खांब स्वतंत्र भांड्यात, निराळ्या दिवशी, निराळ्या हाताने शिजलेला असतो.

त्यावरचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक बाजारात पाहायला मिळतो. मडके घेणारी बाई ते आधी बोटाने वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर घेते, बद्द वाजले तर खाली ठेवते. पाथरवट घडाईला हात घालण्याआधी दगडावर हातोडी मारून नाद ऐकतो. पूर्वी दुकानदार चांदीचा रुपया आपटून घेत असे. देवळातल्या घंटेला बारीक तडा गेला तर गुरवाला तो डोळे मिटूनही कळतो. यांपैकी कोणीही वस्तू मोडून पाहत नाही. वस्तू न मोडता, तिला धक्का न लावता केलेली ही पारख. तिलाच इंजिनिअरिंगच्या भाषेत 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग' असे भारदस्त नाव आहे.

जमिनीतल्या खांबाची साधी चाचणी अगदी याच जातीची. खांबाचा माथा घासून स्वच्छ करतात, त्यावर कंपन टिपणारे छोटे यंत्र मेणासारख्या पदार्थाने चिकटवतात आणि हातात मावेल अशा हातोडीने एक टोला मारतात. टोल्याची लहर काँक्रीटमधून खाली धावते. चांगल्या काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदाला सुमारे ४,००० मीटर असतो. तळाशी पोचल्यावर ती परत फिरते आणि माथ्यावरचे यंत्र तिची चाहूल टिपते. खांब १५ मीटर लांब असेल तर जाणे-येणे मिळून ३० मीटर, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचे साडेसात भाग. तेवढ्या वेळाने प्रतिध्वनी आला तर खांब अखंड आणि पुरेशा लांबीचा असल्याची खूण पटते. तोच प्रतिध्वनी ४ भागांतच परतला, तर सुमारे ८ मीटरवर काहीतरी आहे असे समजावे. तेथे मान बारीक झाली असेल, चिखल अडकला असेल किंवा खांबच तेथे संपला असेल. लहरीचा आकार पाहून जागा अरुंद आहे की फुगलेली, हेही जाणकाराला सांगता येते. डोंगरात हाक मारून समोरचा कडा किती दूर आहे याचा अंदाज गुराखी घेतात, त्यातलाच हा प्रकार.

ओतल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी काँक्रीट पुरेसे कडक झाले की ही चाचणी करता येते. दिवसभरात अनेक खांब तपासून होतात. खर्चही बेताचा, म्हणून वजनाच्या चाचणीसारखे दोन-चार खांब निवडत बसावे लागत नाही, सगळेच तपासता येतात. आपल्या देशात तिच्यासाठी २००१ सालापासून भारतीय मानक १४८९३ उपलब्ध आहे.

पण कोणत्याही वैद्याने आपल्या नाडीपरीक्षेची मर्यादा ओळखावी, तशी या चाचणीचीही ओळखली पाहिजे. व्यासाच्या साधारण तीसपटीहून लांब खांबात तळाचा प्रतिध्वनी क्षीण होतो. भोवतालची जमीन कडक असेल तर आणखी लवकर होतो. बारीकसारीक दोष सुटतात. पहिल्याच मोठ्या दोषाशी लहर परतली तर त्याच्या खाली काय आहे ते कळत नाही. लहरीचा वेगही काँक्रीटगणिक थोडा बदलतो, त्यामुळे लांबी वीतभराच्या अचूकतेने सांगता येत नाही.

नळ्या आणि उष्णता

मोठ्या आणि महत्त्वाच्या खांबांसाठी म्हणून दुसरी रीत वापरतात. काँक्रीट ओतण्याआधीच सळयांच्या पिंजऱ्याला आतून तीन-चार किंवा अधिक नळ्या उभ्या बांधतात. खांब ओतून झाला, काही दिवस गेले, की नळ्यांत पाणी भरून एका नळीत आवाज सोडणारे यंत्र आणि दुसरीत तो ऐकणारे यंत्र तळापर्यंत सोडतात. हा आवाज माणसाच्या कानाला ऐकू न येणारा असतो. दोन्ही यंत्रे बरोबरीने वर ओढत न्यायची आणि थोड्या-थोड्या सेंटिमीटरवर नोंद घ्यायची. दोन नळ्यांत एक मीटर अंतर असेल तर चांगल्या काँक्रीटमधून आवाज पार जायला सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका वेळ लागतो. जेथे जास्त वेळ लागला आणि आवाजही दबला, तेथे आत माती किंवा पोकळी असण्याचा संशय. चार नळ्या असतील तर चार बाजू आणि दोन कर्ण मिळून सहा जोड्यांनी खांबाचे पोट तपासून होते. दोष किती खोलीवर आहे आणि कोणत्या बाजूला आहे, हे दोन्ही समजते. नळ्यांच्या बाहेरचा, कडेचा भाग मात्र या रीतीला दिसत नाही.

ती उणीव भरून काढणारी तिसरी रीत उष्णतेची. चुनकळीवर पाणी पडले की ती कशी उकळते हे जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. सिमेंटही पाण्याशी संयोग पावताना तापते. पिंजऱ्याच्या उंचीभर तापमान मोजणाऱ्या तारा बांधून ठेवल्या, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच खांब कोठे किती तापला याचा आलेख मिळतो. जेथे काँक्रीट भरपूर तेथे ऊब अधिक आणि जेथे मातीने जागा खाल्ली तेथे गारवा. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून पाहावा तसे हे आहे.

नळ्यांच्या रीतीत एक बोध आहे. त्या आधी बांधलेल्या नसतील तर ही परीक्षा नंतर घेता येत नाही. म्हणजे परीक्षेला बसायचे की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. नळ्या बांधलेल्या पाहिल्या की ट्रेमी ओढणाऱ्याचा हातही आपोआप सांभाळून चालतो, कारण झालेली चूक झाकली जाणार नाही हे त्याला ठाऊक असते.

जीर्णोद्धाराच्या कामी उपयोगी अशीही एक रीत सांगितली पाहिजे. जुन्या इमारतीचा किंवा पुलाचा पाया किती खोल आहे याचा कागद बहुधा सापडत नाही. अशा वेळी पायालगत एक खोल भोक घेऊन त्यात नळी बसवतात, नळीत ऐकणारे यंत्र सोडतात आणि वर बांधकामावर टोला मारतात. यंत्र खाली-खाली नेत गेले की पाया असेपर्यंत लहर झपाट्याने पोचते. पाया संपला की तिला मातीतून वाट काढावी लागते आणि उशीर होऊ लागतो. जेथून उशीर वाढतो तेथे पायाचा तळ. जुन्या पायाला कुदळ न लावता त्याची खोली कळते. वरचा भार वाढवण्याआधी हे कळणे किती गरजेचे, ते सांगायला नको.

दोन शहरांच्या दोन कथा

या साऱ्या खटाटोपाची खरोखर गरज आहे काय, असे कोणी विचारील. त्याला हाँगकाँगचे उदाहरण सांगावे. तेथे शा टिन भागात सरकारी योजनेतून सामान्य कुटुंबांना विकण्यासाठी उंच इमारती बांधल्या जात होत्या. दोन इमारतींचे तीसहून अधिक मजले चढले होते. १९९९ सालाच्या अखेरीस आणि २००० सालाच्या आरंभी असे उघडकीस आले, की त्यांच्या पायातले बरेच खांब कातळापर्यंत पोचलेलेच नाहीत. काही तर १५ मीटरपर्यंत तोकडे होते. १५ मीटर म्हणजे पाच मजल्यांची उंची. कागदावर लांबी बरोबर होती, सह्या होत्या, शिक्के होते. जमिनीत खांब नव्हता. त्या दोन्ही इमारती, लोक राहायला जाण्यापूर्वीच, पाडून टाकाव्या लागल्या. गृहनिर्माण प्राधिकरणाच्या अध्यक्षांना २००० साली पद सोडावे लागले आणि तेथील विधिमंडळाने चौकशी केली.

या घटनेत समाधानाची बाजू एकच, की इमारती रिकाम्या असतानाच सत्य बाहेर आले. कुटुंबे राहायला गेल्यावर ते कळले असते तर? आणि त्याहूनही आधी, पहिला मजला चढण्यापूर्वी कळले असते तर तीस मजल्यांचे काँक्रीट, लोखंड आणि माणसांचे श्रम वाया गेले नसते. पायाची परीक्षा भार चढण्याआधी घ्यायची असते ती यासाठी.

दुसरी कथा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराची. तेथे २००९ साली 'मिलेनियम टॉवर' नावाची ५८ मजली इमारत पुरी झाली. तिच्या पायातले खांब मुळातच कातळापर्यंत नेलेले नव्हते. वरच्या घट्ट वाळूच्या थरात ते थांबवावेत असे आराखड्यातच ठरले होते. वाळूच्या खालचा मातीचा थर भाराने दबत गेला. २०१६ साली लोकांना कळले, की इमारत सुमारे १६ इंच खचली आहे आणि कललीही आहे. पुढे दोन बाजूंना कातळापर्यंत जाणारे १८ नवे खांब घालून तिला सावरावे लागले. ते काम २०२३ साली पुरे झाले.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीत कागद आणि जमीन यांत फरक होता. तेथे खांबाची नीट पारख वेळेवर झाली असती, तर फरक लगेच बाहेर पडला असता. दुसरीत खांब मोडला होता म्हणून इमारत खचली असे नाही. टोला मारून पाहिला असता तर त्याने ठणठणीत उत्तर दिले असते. तेथे प्रश्न होता तो त्याच्या पायाखालच्या जमिनीचा. मडके खणखणीत वाजले तरी ते चिखलावर ठेवले तर कलंडणारच. म्हणून अखंडतेची परीक्षा, भाराची परीक्षा आणि जमिनीची परीक्षा या तिन्ही वेगळ्या आहेत. एकीचे प्रशस्तिपत्र दुसरीच्या जागी चालत नाही. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात शोधू नये.

गावाने काय करावे

गावच्या कामाला एवढी यंत्रे कोठून आणायची, अशी शंका रास्त आहे. दोन-चार मीटरच्या खांबांना नळ्या आणि तारा नकोत हेही खरे. पण पारख करण्याची सवय लावायला यंत्र लागत नाही. सर्वांत स्वस्त चाचणी वहीवर होते. समजा, ४५० मिलिमीटर व्यासाचा, ६ मीटर खोल सरळ खांब ओतायचा आहे. त्यात सुमारे ०.९५ घनमीटर काँक्रीट मावते. त्यात प्रत्यक्षात ०.८० घनमीटरच गेले, तर उरलेली जागा कोणी अडवली? माती ढासळली असेल किंवा भोकच कमी खोल असेल. उलट दीड घनमीटर गेले, तर कड कोसळून पोकळी झाली असेल. बुडाशी फुगवटा असेल तर त्याचे माप हिशेबात धरावे. हा हिशेब शाळेतला सातवी-आठवीचा मुलगाही करू शकेल. मात्र तो त्याच दिवशी, त्याच जागी झाला पाहिजे.

म्हणून बांधकाम समितीने खांबागणिक एक पान असलेली वही ठेवावी. भोक किती खोल गेले, तळाशी काय लागले, तळ साफ केला की नाही, काँक्रीट किती वाजता सुरू झाले, मध्ये थांबले काय, एकूण किती गेले, हे तेथे उभ्या असलेल्या माणसाने लिहावे. खोली मोजताना कंत्राटदाराचा माणूस आणि समितीचा माणूस अशा दोघांनी टेप धरावी. मोठे काम असेल तर हातोडीची चाचणी, आणि पुलासारखे काम असेल तर नळ्यांची चाचणी, निविदेतच लिहून ठेवावी. काम उरकल्यावर 'आता चाचणी कशाला' असे म्हणण्याला जागा राहू नये. आणि ही चाचणी खांबांच्या माथ्यावर पुढचे बांधकाम चढण्याआधी व्हावी. एकदा माथा झाकला की साधा टोला मारायलाही जागा उरत नाही.

आणखी एक गोष्ट यंत्रापेक्षा अवघड आहे. चाचणीत शंका निघाली तर काय करायचे? आलेखावर दिसते ती शंका असते, ती लगेच दोष ठरत नाही. म्हणून प्रथम दुसऱ्या रीतीने पडताळा घ्यावा, गरज पडल्यास खांबातून बारीक छिद्र घेऊन आतला नमुना काढावा. दोष नक्की झाला तर उपाय आहेत. पोकळीत दाबाने सिमेंटचे पाणी भरता येते, शेजारी जादा खांब घालता येतात, खांबावरचा भार कमी करता येतो. खर्च होतो, वेळ जातो, मुहूर्तही पुढे ढकलावा लागतो. नेमक्या याच ठिकाणी माणसाची परीक्षा लागते. 'लोकांना काय सांगायचे', 'वर्गणी संपली', 'तारीख छापून झाली', ही कारणे पुढे येतात आणि अहवाल कपाटात जातो. अहवाल कपाटात गेला म्हणून जमिनीतला चिखल काँक्रीट होत नाही. तेव्हा देणगीदारांना जमाखर्च वाचून दाखवण्याची गावाची जी चांगली प्रथा आहे, तिच्यातच चाचणीचा अहवालही वाचून दाखवावा. पैसा कोठे गेला हे ऐकण्याचा जेवढा हक्क लोकांना आहे, तेवढाच तो पैसा जमिनीत अखंड उभा आहे की नाही हे ऐकण्याचाही आहे.

मुंबईकर मंडळींनीही घर घेताना फरशीचा रंग आणि खिडकीतला देखावा पाहावाच. पण त्याबरोबर जमिनीचा अहवाल आणि पायाच्या चाचण्यांचे अहवाल पाहायला मागावेत. त्यातला प्रत्येक आकडा समजला नाही तरी हरकत नाही. ओळखीच्या इंजिनिअरला तो दाखवता येतो. अहवाल मागणारे चार लोक आहेत हे कळले, की अहवाल तयार करणाराही काळजीने करतो.

देवळात आलेला माणूस गाभाऱ्यात जाण्यापूर्वी घंटा वाजवतो. तिचा नाद शुद्ध असावा म्हणून ओतारी किती काळजी घेतो! सभामंडपात उभ्या राहणाऱ्या बाया-बापड्यांचा, पोराबाळांचा भार ज्यावर येणार, त्या पायाचाही नाद एकदा कोणीतरी कान देऊन ऐकावा, एवढीच अपेक्षा. ज्या कारागिरांनी, मजुरांनी आणि अल्पस्वल्प वर्गणी देणाऱ्यांनी हे काम उभे केले, त्यांची नावे पाटीवर असोत वा नसोत, ते या वास्तूचा पाया आहेत. त्यांच्या घामाची किंमत राखायची, तर यापुढे गावात जे जे बांधले जाईल त्याचा पाया पारखून घेतला जावा.